चामड्याचा पट्टा का तडकतो?

पावसाळा सरतो, ऑक्टोबरचे ऊन पडू लागते आणि घरोघर कपाटे आवरायला निघतात. गाद्या गच्चीवर जातात, लोकरीचे कपडे झटकले जातात आणि एखाद्या खणाच्या तळाशी घट्ट गुंडाळून ठेवलेला चामड्याचा पट्टा हाती लागतो. जूनमध्ये ठेवताना तो काळा कुळकुळीत होता; आता त्यावर राखाडी-पांढरी लव आलेली असते. मग कोणीतरी तो ओल्या फडक्याने पुसतो, त्याला खोबरेल तेल चोपडतो आणि कडक उन्हात टाकतो. संध्याकाळपर्यंत पट्टा फळीसारखा ताठ झालेला असतो. कमरेला बांधायला जावे तो भोकांपाशी चिरा! 'हल्ली पूर्वीसारखा माल मिळत नाही' असे म्हणून पट्ट्याची रवानगी केरात होते.

मालाला दोष देण्यापूर्वी आपण काय केले ते पाहू. त्या पट्ट्यावर एका दिवसात तीन उपचार झाले आणि तिन्ही चुकीचे होते. ते का चुकीचे हे समजण्यासाठी चामडे म्हणजे काय, हे आधी माहीत हवे.

जनावराच्या कातडीवरचे केस आणि वरचा पातळ थर काढून टाकला की खाली जो जाड थर उरतो, त्याचे चामडे होते. हा थर म्हणजे कोलाजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे दाट विणकाम होय. मात्र हे विणकाम कापडासारखे उभ्या-आडव्या धाग्यांचे नसते. तंतू सर्व दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणूनच चामडे कोणत्याही बाजूने कापले तरी कापडासारखे उसवत नाही. केसांच्या बाजूला तंतू अगदी बारीक आणि घट्ट असतात, तर मांसाकडच्या बाजूला जाड आणि मजबूत. पट्ट्याची गुळगुळीत बाजू ती केसांची आणि आतली खरबरीत ती मांसाची. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

कोलाजेनचा एक रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रेणूची जाडी एक सेंटिमीटर मानली, तर त्याची लांबी दोन मीटर भरेल. सुंभाच्या दोरीत तीन पदर पिळलेले असतात तशा या रेणूत तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. ही तिपेडी रचना १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. विद्यापीठाच्या शेजारीच केंद्रीय चर्मसंशोधन संस्था होती, आणि अभ्यासासाठी नमुना मिळवायला त्या शेजाराचा उपयोग झाला. जीवरसायनाच्या इतिहासातले एक मोठे पान चामड्याच्या शेजारी लिहिले गेले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांतून सहसा सांगितली जात नाही.

ओली कच्ची कातडी तशीच ठेवली तर सडते आणि वाळवली तर शिंगासारखी कडक होते. तिचे चामडे करायचे म्हणजे तंतूंच्या मधे असे काही बसवायचे की जंतूंना ते खाता येऊ नयेत आणि वाळल्यावर ते एकमेकांना चिकटू नयेत. यालाच कातडी कमावणे म्हणतात. आपल्याकडे हे काम बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल यांच्या पाण्यात कातडी मुरवून होत आले. या वनस्पतींतील टॅनिन कोलाजेनला घट्ट धरते. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचे चामडे असेच बाभूळ आणि हिरड्याने कमावतात. किती दिवस मुरवायचे, केव्हा नवे पाणी घालायचे, हे ज्यांनी हाताच्या स्पर्शाने ठरवले त्या कारागिरांना समाजाने गावाबाहेर ठेवले. त्यांच्या हातातल्या विद्येला रसायनशास्त्र म्हणायला आपण फार उशीर केला.

दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची. ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट घेतले. महिन्याचे काम एक-दोन दिवसांत होऊ लागले आणि ती जगभर पसरली. आज जगातले बहुतेक चामडे याच रीतीने कमावले जाते.

तुमचा पट्टा कोणता?

पट्टा रंगवलेला असला तरी कापलेली कड किंवा भोकाची आतली बाजू भिंगातून पाहा. गाभा तपकिरी दिसला तर वनस्पतीने कमावलेले चामडे, निळसर-राखाडी दिसला तर क्रोमियमचे. काही वेळा रंग आरपार गेलेला असतो, तेव्हा मात्र एक प्रयोग करावा लागतो. चर्मकाराच्या दुकानातून चामड्याच्या दोन-चार कातरणी मागून आणा. प्रत्येक तुकडा कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढा. मग शिक्षकांच्या देखरेखीखाली तो उकळत्या पाण्यात एक मिनिट ठेवा, चिमट्याने बाहेर काढा आणि पुन्हा त्याच रेषेवर ठेवून पाहा. वनस्पतीने कमावलेला तुकडा आखडून वळतो, कारण त्यातील कोलाजेनचा पीळ साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसला सुटतो. चांगल्या क्रोम चामड्याला उकळते पाणी सहन होते. न कमावलेली ओली कातडी तर ६० ते ६५ अंशांनाच आखडते.

आणि कडेला कापडाचा थर दिसला तर? मग ते चामडेच नव्हे. कापडावर प्लास्टिकचा लेप दिलेले रेक्झीन आहे. काही स्वस्त पट्टे चामड्याचा भुगा डिंकासारख्या पदार्थाने चिकटवून, वर पॉलियुरेथेनचा पापुद्रा देऊन केलेले असतात. दमट हवेतील पाण्यामुळे हा पापुद्रा हळूहळू विघटित होतो आणि पोपडे सुटू लागतात. अशा पट्ट्याला तेल लावा, मेण लावा, काही उपयोग नाही. पुढे जे लिहिले आहे ते खऱ्या चामड्यासाठी आहे.

पाणी: मित्र आणि शत्रू

चामडे कधीच पूर्ण कोरडे नसते. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असताना चांगल्या चामड्यात वजनाच्या साधारण १२ ते १५ टक्के पाणी असते. हे पाणी तंतूंना एकमेकांवरून सरकू देते आणि त्यामुळेच चामडे वाकते. विदर्भातल्या मे महिन्यात ते कमी होते, कोकणातल्या जुलैत वाढते. थोडी चढउतार चामड्याला बाधत नाही. बाधतो तो भिजण्याचा आणि झपाट्याने वाळण्याचा फेरा.

चित्रकलेचा एक मऊ केसांचा कुंचला घ्या. कोरडा असताना त्याचे केस सुटे असतात. पाण्यात बुडवून आतच धरला तरीही सुटेच राहतात. पण पाण्याबाहेर काढताक्षणी ते एकमेकांना चिकटून टोकदार होतात. केस ओले होण्याने चिकटत नाहीत. पाण्याला हवेशी लागून पृष्ठभाग मिळाला की त्याच्या पृष्ठताणामुळे चिकटतात. चामडे वाळताना नेमके हेच त्याच्या पोटात घडते. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ०.०७२ न्यूटन आहे. एक हजारांश मिलिमीटर त्रिज्येच्या केशनळीत हा ताण किती दाबाने ओढेल याचे गणित करा: २ × ०.०७२ भागिले ०.०००००१, म्हणजे सुमारे १ लाख ४४ हजार पास्कल. वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ दीडपट! तंतूंमधल्या फटी याहूनही बारीक असतात, तेव्हा तेथे ओढ आणखी मोठी. तंतू एकमेकांवर दाबले जातात, आणि मधे वंगण उरलेले नसेल तर तेथेच चिकटून बसतात.

उन्हात किंवा चुलीजवळ वाळवले की आणखी एक गोष्ट घडते. बाहेरचा थर आधी वाळून आकसू पाहतो, पण आतला अजून फुगलेला असतो. बाहेरच्या थराला आकसायला जागाच मिळत नाही आणि तो फाटतो. वाळत्या चिखलाला भेगा पडतात त्याच कारणाने. शेगडीवर धरणाऱ्याने तर वरचा आखडण्याचा आकडाही आठवावा; उन्हात सहसा तितके तापमान होत नाही, शेगडीजवळ ते सहज होते.

मग भिजलेला पट्टा वाळवायचा कसा? कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा, बक्कल वर करून सावलीत वाऱ्यावर टांगावा आणि एक-दोन दिवस त्याच्याकडे बघू नये. पूर्ण वाळण्याच्या जरा आधी, किंचित दमट असतानाच, हाताने चार-दोन वेळा वाकवून घ्यावा, म्हणजे चिकटू पाहणारे तंतू सुटतात. घामाने भिजणाऱ्या पट्ट्याचेही तसेच. घामात मीठ असते. रोज एकच पट्टा वापरण्यापेक्षा, शक्य असेल तर, त्याला मधे एखादा दिवस सुटी द्यावी. पाणी निघून जाते आणि दिवसभर ताणलेले तंतूही थोडेफार पूर्ववत होतात.

तेल कोणते, किती?

तंतूंमधले वंगण म्हणजे स्निग्ध पदार्थ. कारखान्यात ते कमावण्यानंतर मुद्दाम मुरवलेले असते. वर्षानुवर्षे ते कमी होत जाते, म्हणून अधूनमधून थोडे भरून काढणे योग्यच. पण आधी पट्ट्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा. थेंब मुरून डाग गडद झाला, तर तेलही मुरेल. थेंब मोत्यासारखा उभाच राहिला, तर वर रंगाचा बंद लेप आहे. अशा पट्ट्यावर तेल चोपडणे म्हणजे काचेवर चोपडणे. तो नुसता पुसून पॉलिशचा पातळ हात द्यावा. तेल द्यायचेच तर आतल्या, खरबरीत बाजूने.

जवसाचे तेल चामड्याला कधीही लावू नये. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते घट्ट, कडक होत जाते. लाकडाच्या रोगणात हा गुण हवासा असतो, चामड्यात नकोसा. एरंडेल असे वाळत नाही. यंत्रांच्या चामडी पट्ट्यांना एके काळी एरंडेल देण्याचा प्रघात होता तो त्यामुळेच. खोबरेल लवकर खवट होत नाही हे खरे, पण २४ अंशांच्या आसपास ते गोठते. कोणतेही तेल असो, फडक्यावर चार थेंब पुरेत. जास्त तेलाने चामडे लिबलिबीत होते, लांबते आणि त्यावर धूळ बसते.

स्निग्ध पदार्थांची आणखी एक गंमत आहे. हिवाळ्यात कधी कधी पट्ट्यावर पांढरी झाक येते आणि लोक तिला बुरशी समजतात. पुष्कळदा ती चामड्यातून बाहेर येऊन गोठलेली स्निग्धाम्ले असतात. ओळखायचे कसे? गरम पाण्याचा तांब्या बाहेरून कोरडा करून त्या जागेजवळ धरा. स्निग्धाम्ले वितळून झाक नाहीशी होते. बुरशी ऊब दिल्याने नाहीशी होत नाही, आणि तिला कुबट वासही असतो.

खरी बुरशी असेल तर पट्टा आधी घराबाहेर न्यावा, थोडा कोरडा होऊ द्यावा आणि मगच ब्रशने झटकावा, नाकातोंडावर रुमाल बांधून. ओल्या फडक्याने पुसले की बीजाणू सर्वत्र पसरतात आणि त्यांना हवे ते पाणीही मिळते. झटकल्यावर उरलेले डाग स्पिरिटच्या बोळ्याने हलकेच टिपावेत. मात्र स्पिरिटने रंग सुटू शकतो, तेव्हा आधी आतल्या बाजूला करून पाहावे, आणि जवळपास दिवा वा शेगडी नको.

ठेवायचा कसा?

सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला रान मोकळे मिळते. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात ती याहून कितीतरी वर असते. हवा बदलणे आपल्या हाती नाही, पण ती कोंडू न देणे आहे.

पुष्कळ जण पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवतात. त्यांची कल्पना अशी की बाहेरचा दमटपणा आत जाणार नाही. हिशेब करू. ३० अंश सेल्सिअसला एक लिटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ०.०३ ग्रॅम बाष्प मावते. दीडशे ग्रॅमच्या पट्ट्यात मात्र सुमारे २० ग्रॅम पाणी असते. म्हणजे पिशवीतली हवा किती दमट असावी हे पट्टा ठरवतो. जुलैत दमट झालेला पट्टा पिशवीत बांधला, तर जुलै महिनाच बांधून ठेवल्यासारखे होते. हेच मे महिन्यात, कोरड्या हवेत कोरडा झालेला पट्टा बांधला तर? काही काळ निभावेल. पण पिशवीचे तोंड एकदा जुलैत उघडले की खेळ संपला. त्यापेक्षा सुती कापडाची पिशवी किंवा जुन्या धोतराचा तुकडा बरा.

लोखंडी कपाटाचे प्रकरण निराळे आहे. ३० अंशांना घनमीटरभर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते आणि २४ अंशांना सुमारे २२ ग्रॅम. दिवसा ७० टक्के आर्द्रतेची, म्हणजे २१ ग्रॅम बाष्पाची हवा कपाटात शिरली आणि रात्री कपाटाची पाठ २४ अंशांपर्यंत थंड झाली, की त्या पत्र्यालगतची आर्द्रता ९५ टक्क्यांवर जाते. कपाट पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला टेकवलेले असेल तर हे रोज रात्री घडते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा आणि पट्टा पाठीला न लागता दाराच्या बाजूला टांगा. डांबराच्या गोळ्या किडीसाठी ठीक. बुरशीच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबू नये.

टांगा, असे म्हटले ते का? पट्टा वाकवला की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. मधल्या थराची वक्रतात्रिज्या 'त्रि' आणि पट्ट्याची जाडी 'जा' असेल, तर बाहेरच्या पृष्ठभागाची विकृती जा भागिले २ त्रि इतकी येते. चार मिलिमीटर जाडीचा पट्टा कमरेभोवती असतो तेव्हा, त्रिज्या १२ सेंटिमीटर धरली तर, ही विकृती दोन टक्क्यांहून कमी आहे. तोच पट्टा आत बोट जेमतेम जाईल इतका, म्हणजे मधल्या थराची त्रिज्या १२ मिलिमीटर होईल इतका घट्ट गुंडाळला, तर ती जवळजवळ १७ टक्के होते. आणि ती सोसायची कोणी? बाहेरच्या, बारीक तंतूंच्या, केसांकडच्या थराने. तशा अवस्थेत चार महिने काढून पट्टा वर तडकला तर नवल नाही. गुंडाळायचाच झाला तर मूठ आत मावेल इतका सैल गुंडाळावा.

पूर्वी कारखान्यांत एका लांब फिरत्या दांड्यावरून चामडी पट्ट्यांनी अनेक यंत्रे चालत. तेथे पट्ट्याची गुळगुळीत, केसांकडची बाजू कप्पीला लागून ठेवीत. तिची पकड चांगली बसे, आणि वाकताना ताण येई तो बाहेरच्या, मजबूत, मांसाकडच्या बाजूवर. कमरेच्या पट्ट्यात आपण शोभेसाठी उलट करतो. बक्कलाच्या दांडीभोवती तर वळण फारच लहान असते. तेथे चर्मकार रापीने पट्टा छिलून पातळ करतो; जाडी निम्मी झाली की विकृतीही साधारण निम्मी होते. वरचे सूत्र त्याला कोणी शिकवलेले नसते.

आता भोके. ताणलेल्या पट्टीला गोल भोक असेल, तर भोकाच्या दोन्ही कडांवर प्रतिबल सरासरीच्या तिप्पट होते. भोक लंबगोल करून त्याची लांबी पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने ठेवली आणि ते रुंदीच्या दुप्पट लांब असेल, तर ते दुप्पटच होते. चांगल्या पट्ट्यांची भोके लांबट असतात ती उगीच नव्हे. हे गणित एकसंध पदार्थांचे आहे आणि चामड्याचे तंतू थोडे सरकून ताण वाटून घेतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे सौम्य होतात. पण खिळा ठोकून पाडलेल्या भोकाला काठावर बारीक चिरा असतात, आणि चिरेच्या टोकाशी प्रतिबल फारच वाढते. नवे भोक पाडायचे तर चर्मकाराकडे जाऊन पंचाने पाडून घ्या.

बक्कल पितळेचे असेल तर त्याच्या आतल्या बाजूला हिरवट, मेणासारखा थर साचतो. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे आजीने सांगितले असेल. हा त्याचाच भाऊबंद. चामड्यातली स्निग्धाम्ले पितळेतील तांब्याशी संयोग पावून तांब्याचा साबण तयार होतो. लाकडी काडीने तो खरवडून काढावा आणि हात धुवावेत.

शहरी हवेतील गंधकाचे ऑक्साइड हा चामड्याचा जुना शत्रू. लंडनच्या अथेनियम क्लबातील खुर्च्यांचे चामडे कुजू लागले, तेव्हा १८४३ मध्ये मायकेल फॅरडे यांनी त्याचा दोष तेथल्या गॅसच्या दिव्यांना दिला होता. गंधकाच्या ऑक्साइडापासून चामड्यात गंधकाम्ल तयार होते आणि वनस्पतीने कमावलेल्या चामड्याची लालसर पूड होऊ लागते. जुन्या ग्रंथांच्या चामडी बांधणीला हात लावल्यावर बोटांना लागते ती हीच. त्या अवस्थेला गेलेला पट्टा तेलाने सुधारत नाही. विजेच्या खांबांवर चढणाऱ्या कामगारांचे पट्टे पूर्वी चामड्याचे असत. तशा जुन्या पट्ट्याला तेल पाजून कोणी झाडावर वा खांबावर चढू लागला तर त्याला थांबवा. तंतूच तुटले असतील तर वंगण काय करणार? आणि निकामी पट्टा जाळू नका. क्रोमियमने कमावलेले चामडे जळताना त्यातील क्रोमियमचे विषारी, षट्संयुजी रूप तयार होऊ शकते.

शिक्षकांसाठी एक सूचना. जुन्या, लेप नसलेल्या पट्ट्याचा बोटभर तुकडा प्रयोगशाळेतल्या तराजूवर दर आठवड्याला एकाच वेळी तोलावा आणि शेजारी ओल्या-कोरड्या तापमापीवरून सापेक्ष आर्द्रता नोंदवावी. जूनपासून पुढच्या मेपर्यंत नोंदी घेतल्या तर आर्द्रता आणि वजन यांचा आलेख काढता येतो. आर्द्रता वाढत असतानाचे बिंदू एका रंगाने आणि उतरत असतानाचे दुसऱ्या रंगाने मांडावेत. तुकडा एकच, पण एकाच आर्द्रतेला उतरतीच्या वेळी तो थोडा अधिक जड भरतो. लोखंड चुंबकित करताना आणि त्याचे चुंबकत्व काढताना जसे दोन निराळे वक्र मिळतात, तसेच येथेही मिळतात.